आच्छादनाचा हिशेब

वाफ्यातील उघड्या मातीवर पाचोळा, पेंढा किंवा वाळलेले गवत यांचा थर पसरणे म्हणजे आच्छादन करणे होय. या थरामुळे ऊन व वारा मातीच्या पृष्ठभागापर्यंत सरळ पोहोचत नाहीत. त्यामुळे बाष्पीभवन मंदावते, तणांच्या बियांना उजेड मिळत नाही आणि टपोऱ्या थेंबांच्या माऱ्याने माती उडून जात नाही. हे फायदे बहुतेकांना ठाऊक असतात. मात्र आच्छादन किती घालावे, असे विचारले तर ‘असेल तितके’ असेच उत्तर बहुधा मिळते, आणि चूक होते ती येथेच. थर फार पातळ असला तर त्यातून तण सहज वर येते. तो फार जाड असला तर पावसाची हलकी सर थरातच जिरून जाते. वरचा पाचोळा ओला दिसतो म्हणून पाणी दिले जात नाही आणि रोप तहानलेलेच राहते.

हिशेब सोपा आहे. 1 चौरस मीटर जागेवर 1 सेंटिमीटर जाडीचा थर देण्यास 10 लिटर पदार्थ लागतो, एवढे लक्षात ठेवले की पुरे. समजा, वाफा 3 मीटर लांब व 1.2 मीटर रुंद आहे. त्याचे क्षेत्रफळ 3.6 चौरस मीटर झाले. त्यावर 5 सेंटिमीटर जाडीचा थर हवा असेल, तर 180 लिटर पदार्थ, म्हणजे 15 लिटरच्या 12 बादल्या लागतील.

जाडी किती ठेवावी हे मात्र पदार्थावर अवलंबून असते. भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा यांचे कण एकमेकांना चिकटून बसतात. त्यांचा 2 ते 3 सेंटिमीटर थर पुरतो. (लाकडाचा कच्चा भुसा मातीत मिसळू नये, तो कुजताना मातीतील नायट्रोजन शोषला जातो.) पेंढ्याचा थर 5 ते 8 सेंटिमीटर असावा. अख्खी वाळलेली पाने फसवी असतात. ती आज ढिगाने दिसतात आणि दोन-चार पावसांत दबून बसतात. म्हणून त्यांचा 10 सेंटिमीटरचा सैल थर धरावा. वरील वाफ्यास मग 12 ऐवजी 24 बादल्या लागतील.

शेतीत हाच हिशेब वजनाने मांडतात. केरळात आल्याची लागवड होताच वाफ्यांवर हेक्टरी 10 ते 12 टन हिरवा पाला अंथरण्याची शिफारस आहे. एक हेक्टर म्हणजे 10,000 चौरस मीटर. तेव्हा हे प्रमाण चौरस मीटरला 1 ते 1.2 किलो, म्हणजे आपल्या वाफ्यास सुमारे 4 किलो पडते. हा पाला लवकर कुजतो, म्हणून पीक वाढत असताना तो आणखी दोनदा घालतात. आल्याचा कोंब या थरातून वर येण्याइतका जोमदार असतो. माठासारख्या बारीक बियांना ते साधत नाही. तेथे रोपे वीतभर वाढल्यावरच आच्छादन करावे.

आच्छादन घालण्यापूर्वी वाफ्यास भरपूर पाणी द्यावे. खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी सोडावी, नाहीतर सततच्या ओलीने बुंधा कुजतो. तुरे धरलेले गवत वापरल्यास त्याचे बी वाफ्यात रुजते. ते तुरे येण्यापूर्वीच कापून वाळवावे.