जुन्या बाइकला मुरलेला धुराचा वास

जुन्या मोटारसायकलला येणारा धुराचा वास गाडीच्या अंगालाच चिकटलेला असतो. तंबाखूचा असो, लाकडाचा असो की आगीचा, धुरात चिकट डांबरी द्रव्याचे अतिसूक्ष्म कण असतात. ते मिळेल त्या पृष्ठभागावर बसतात आणि गरम झाले की त्यांतले काही घटक पुन्हा वायुरूपाने बाहेर पडू लागतात. म्हणूनच सकाळच्या गारव्यात पाहिलेल्या गाडीला कसलाच वास येत नाही आणि तीच गाडी दुपारी तासभर उन्हात उभी राहिली की वास भपकन नाकात शिरतो. सुगंधी फवारा मारल्याने हे कण जागचे हलत नाहीत. फवारा दोन दिवसांत उडून जातो, धूर राहतो. विकायला ठेवलेल्या गाडीच्या सीटखाली अत्तराचा दाट वास येत असेल, तर ती उन्हात तापवून पुन्हा हुंगल्याशिवाय सौदा करू नये.

मोटारसायकलच्या बाबतीत एक गोष्ट मात्र सोयीची आहे. कारमध्ये छताचे कापड, गालिचे, एसीचे मार्ग असा मोठा पसारा धूर पिऊन बसतो. बाइकचा बहुतेक भाग धातूचा, रंगाचा आणि टणक प्लास्टिकचा. तिथे थर वरच्या वर राहतो आणि धुतला की निघतो. वास मुरतो तो मोजक्या जागी: सीटचा फोम, रेक्झिनच्या पाठीमागचा कापडी थर, हॅन्डलच्या ग्रिप, वायरिंगवर गुंडाळलेली कापडी टेप, सॅडल बॅग. आणि सीटखाली कोंबून ठेवलेले गाडी पुसायचे फडके. नव्या मालकाला ते आठवत नाही, जुन्याने ते काढलेले नसते. सफाईची सुरुवात ते फडके आणि टूलकिटची पिशवी फेकून देण्यापासूनच व्हायला हवी.

धूर कसला, हे आधी कळले तर पुढचे कष्ट वाचतात. पांढरे सुती कापड साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, साइड पॅनलच्या आतल्या बाजूवर फिरवावे. साधी धूळ मातकट डाग देते. डाग पिवळसर तपकिरी आणि किंचित चिकट असेल, तर धूर सिगारेट-बिडीचा, किंवा गाडी चुलीजवळच्या पडवीत, बंबाशेजारी उभी राहत असेल तर लाकडाचा. या दोहोंतला फरक नाकाला कळतो. लाकडाच्या धुराला खरपूस झाक असते. लाकडातले लिग्निन जळताना ग्वायाकॉलसारखी द्रव्ये तयार होतात, त्यांचा तो गुण. कापडावर काळी, कोरडी काजळी आली तर आगीची शंका घ्यावी. काळा डाग तेलकट असेल, तर वास बाहेरून आलेला नसून इंजिनाकडचा आहे.

तंबाखूच्या थराकडे केवळ नावडता वास म्हणून पाहणे बरोबर नाही. पृष्ठभागावर बसलेल्या निकोटिनची हवेतल्या नायट्रस आम्लाशी प्रक्रिया होऊन कर्करोगकारक नायट्रोसमाइन तयार होतात, हे 2010 साली अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेतील संशोधकांनी दाखवून दिले. आपल्याकडे लहान मूल टाकीवर पुढे बसते, दोन्ही हात टाकीवर टेकवते आणि तेच हात तोंडात घालते. घरात मूल असेल तर धुलाई उद्यावर ढकलू नये.

बाहेरची धुलाई साधी आहे. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर सीट आणि साइड पॅनल काढून गाडीच्या शॅम्पूने सगळे धुवावे. प्रेशरचा फवारा चाकांच्या बेअरिंगवर, चेनवर, स्विचवर किंवा एअर फिल्टरच्या डब्यावर रोखू नये. रेक्झिन आणि प्लास्टिक नंतर एक भाग व्हिनेगर आणि चार भाग पाणी अशा मिश्रणाने पुसावे. निकोटिन अल्कधर्मी आहे. आम्लाशी त्याचे क्षार होतात आणि ते पाण्यात सहज विरघळून निघतात. व्हिनेगर उघड्या ॲल्युमिनियमला आणि क्रोमला लागू देऊ नये आणि शेवटी साध्या पाण्याने पुसून काढावे. काही गॅरेजांत डिझेल मारून गाडी धुतात. त्याने धुराच्या वासावर डिझेलचा वास चढतो, शिवाय रबर फुगते. पेट्रोलने सीट पुसणे तर आगीशी खेळणे आहे. रेक्झिनही त्याने कडक होऊन तडकते.

इतके करूनही वास उरला, तर तो सीटमध्ये आहे असे समजावे. सीटचा फोम पॉलियुरेथेनचा असतो आणि त्यातली छिद्रे एकमेकांना जोडलेली असतात. माणूस बसला की हवा बाहेर ढकलली जाते, उठला की शिवणींतून आत ओढली जाते. वर्षानुवर्षे धुरकट जागेत वापरलेल्या सीटने हाच श्वास घेतलेला असतो. वरून कितीही पुसले तरी त्या फोमपर्यंत काही पोचत नाही. त्यासाठी सीट उलटी करून, कडेच्या पिना उचकटून कव्हर उतरवावे लागते. उघड्या फोमवर खाण्याचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवावा आणि सकाळी व्हॅक्यूमने ओढून घ्यावा. मग सीट मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत, सोबत सक्रिय कोळशाच्या पुड्या ठेवून, तोंड बांधून आठवडाभर सोडून द्यावी. या कोळशाच्या एका ग्रॅममधल्या छिद्रांचे एकूण क्षेत्रफळ 500 चौरस मीटरहून अधिक भरते, त्यावर वासाचे रेणू धरले जातात. चुलीतला कोळसा याच्या जवळपासही पोचत नाही.

फोम साबणाच्या पाण्यात पिळून धुता येतो, पण तो आतून वाळायला फार वेळ लागतो. कोकणात पावसाळ्यात हा उद्योग करू नये. दमट फोमवर कव्हर चढवले की धुराच्या जागी बुरशीचा कुबट वास येतो. वाळवताना वारा हवा, कडक ऊन नको, कारण दीर्घकाळ उन्हात पॉलियुरेथेन पिवळे पडून भुगा होऊ लागते. खरे तर वास खोल मुरला असेल, तर सीटवाल्याकडून फोम आणि कव्हर दोन्ही नवे घालून घेणे हाच शहाणपणाचा मार्ग. ग्रिपही बदलाव्यात, त्यांची किंमत मामुली असते.

काही वॉशिंग सेंटर ओझोनचे यंत्र लावून देतात. ओझोन वासाची द्रव्ये मोडतो हे खरे, पण तो नैसर्गिक रबरालाही भेगा पाडतो. टायर, ट्यूब आणि रबरी नळ्यांसह अख्खी बाइक त्या खोलीत उभी करू नये. लावायचाच तर फक्त सुट्या सीटला लावावा, आणि तेव्हा खोलीत कोणी थांबू नये. हा वायू फुप्फुसांना घातक आहे.

आगीच्या धुरात सापडलेल्या गाडीचे प्रकरण वेगळे. वायरींवरचे पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड सुटतो आणि ओलाव्याशी मिळून त्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल होते. ते क्रोम, ॲल्युमिनियम आणि वायरिंगचे जोड खात राहते. कोरडी काजळी आधी व्हॅक्यूमने ओढावी. ओल्या फडक्याने घासली तर ती आणखी आत जाते. गाडी पहिल्यांदा सुरू करण्याआधी एअर फिल्टर बदलावा. ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी, कडक झालेल्या वायरी किंवा वितळलेले कनेक्टर दिसले, तर अशी गाडी न घेणेच बरे.

सगळे धुऊनही गाडी चालवताना वास येत असेल, तर तिथे मेकॅनिकच हवा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्हचे ऑइल सील झिजलेले असते. टॅपेट कव्हरमधून झिरपलेले ऑइल तापलेल्या सायलेन्सरवर पडले तरी जळका वास येतो, तिथे गॅस्केट बदलले की भागते. प्लास्टिक जळाल्याचा वास आला तर लगेच चावी बंद करून वायरिंग तपासून घ्यावे. 1985 ते 1996 या काळात भारतात बनलेल्या यामाहा आरएक्स 100 सारख्या टू-स्ट्रोक गाड्यांत ऑइल पेट्रोलबरोबरच जळते आणि त्याचा न जळलेला अंश सायलेन्सरमध्ये डांबर होऊन साठतो. तिथे बॅफल काढून साफ करावा आणि ऑइलचे प्रमाण बरोबर करून घ्यावे. त्यानंतर जो थोडा वास उरतो, तो त्या इंजिनाच्या रचनेतच असतो.