सन टीव्ही नेटवर्क

सन टीव्ही नेटवर्क ही चेन्नई येथे मुख्यालय असलेली भारतीय प्रसारण कंपनी आहे. कलानिधी मारन हे तिचे संस्थापक असून 'सन टीव्ही' ही तिची पहिली वाहिनी 14 एप्रिल 1993 रोजी, तमिळ नववर्षाच्या दिवशी सुरू झाली. तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या चार भाषांत कंपनीचा मुख्य व्यवसाय आहे. बंगाली आणि मराठीत तिने नंतर पाऊल ठेवले. प्रादेशिक भाषेतील दूरचित्रवाणी हा हिंदी वाहिन्यांना जोडलेला दुय्यम उद्योग नसून स्वतंत्रपणे नफ्यात चालणारा व्यवसाय होऊ शकतो, याचे हे देशातील सुरुवातीचे आणि सर्वांत ठळक उदाहरण मानता येईल.

पार्श्वभूमी

कलानिधी मारन हे माजी केंद्रीय मंत्री मुरासोली मारन यांचे पुत्र आणि तमिळनाडूचे माजी मुख्यमंत्री एम. करुणानिधी यांचे नातू (बहिणीच्या मुलाचे पुत्र) होत. अमेरिकेत व्यवस्थापनाचे शिक्षण घेऊन परतल्यावर त्यांनी 1990 मध्ये 'पूमालै' नावाचे तमिळ व्हिडिओ मासिक काढले. बातम्या व मनोरंजन यांचे मिश्रण असलेली ही ध्वनिचित्रफीत दरमहा भाड्याने व विक्रीने जात असे. चोरट्या प्रतींमुळे हा व्यवसाय टिकला नाही. मात्र दूरदर्शनबाहेरच्या तमिळ दृकश्राव्य मजकुराला ग्राहक आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

त्या काळी देशातून खासगी वाहिनीला उपग्रहाशी थेट दुवा जोडण्याची परवानगी नव्हती. खासगी वाहिन्यांचे कार्यक्रम परदेशातील भूकेंद्रांवरून प्रक्षेपित होत. सन टीव्हीनेही आरंभी स्वतंत्र वाहिनी म्हणून नव्हे, तर एटीएन या वाहिनीवरील काही तासांचा वेळ भाड्याने घेऊन प्रसारण केले. चोवीस तासांचे प्रसारण त्यानंतर आले.

भाषावार विस्तार

1994 मध्ये कन्नड 'उदया टीव्ही', 1995 मध्ये तेलुगू 'जेमिनी टीव्ही' आणि 1998 मध्ये मल्याळम 'सूर्या टीव्ही' सुरू झाली. केरळमध्ये 'एशियानेट' ही वाहिनी 1993 पासूनच रुजलेली होती, त्यामुळे तेथे कंपनीला तमिळनाडूसारखे एकहाती वर्चस्व मिळाले नाही. पुढे प्रत्येक भाषेत चित्रपट, संगीत, विनोद आणि बालकार्यक्रम यांच्या स्वतंत्र वाहिन्या आल्या. 'के टीव्ही' ही तमिळ चित्रपटवाहिनी 2001 मध्ये सुरू झाली.

व्यवसायाची घडी

कंपनीच्या यशाचे कारण केवळ लोकप्रिय मालिकांत शोधणे अपुरे ठरेल. तिची आर्थिक रचना इतर वाहिन्यांहून वेगळी होती. सामान्यतः वाहिनी निर्मात्याला पैसे देऊन मालिका करवून घेते आणि जाहिरातींचे उत्पन्न स्वतः घेते. सन टीव्हीने दीर्घकाळ याच्या उलट पद्धत चालवली. निर्माता अर्ध्या तासाच्या वेळेसाठी वाहिनीला प्रसारण शुल्क देई, मालिका स्वखर्चाने तयार करी आणि त्या वेळेतील जाहिरातींची ठरावीक मिनिटे स्वतः विके. उरलेली मिनिटे वाहिनीकडे राहत. मालिका पडली तर तोटा मुख्यतः निर्मात्याचा, वाहिनीचे शुल्क मात्र निश्चित. 'चित्ती', 'मेट्टी ओली', 'कोलंगळ' यांसारख्या मालिकांच्या काळात या वेळा मिळवण्यासाठी निर्मात्यांत चढाओढ असे, कारण तेवढा प्रेक्षकवर्ग दुसरीकडे नव्हता. स्पर्धा वाढल्यावर ही पद्धत मागे पडत गेली आणि कंपनी स्वतः खर्च करून मालिका करवून घेऊ लागली.

दुसरा आधार चित्रपटांच्या प्रसारण हक्कांचा होता. हक्कांचे भाव चढण्यापूर्वीच कंपनीने चारही भाषांतील चित्रपटांचा मोठा संग्रह केला. तिसरा आणि सर्वाधिक वादग्रस्त आधार म्हणजे वितरण. मारन कुटुंबाच्या 'सुमंगली केबल व्हिजन'चे चेन्नईसह तमिळनाडूतील केबल जाळ्यावर मोठे नियंत्रण होते. वाहिनी आणि ती घरोघर पोहोचवणारी तार एकाच कुटुंबाच्या हाती असल्याने, प्रतिस्पर्धी वाहिन्यांची अडवणूक होते असा आरोप वारंवार झाला. केबल जाळी ताब्यात घेण्याचे विधेयक राज्य सरकारने 2006 मध्ये आणले होते, परंतु त्याच वर्षीच्या सत्तांतरानंतर तो विषय मागे पडला.

एप्रिल 2006 मध्ये कंपनीने प्रति समभाग 875 रुपये दराने सुमारे 10 टक्के भाग जनतेला विकून सुमारे 600 कोटी रुपये उभारले. त्यानंतर उदया व जेमिनी यांच्या स्वतंत्र कंपन्या मूळ कंपनीत विलीन होऊन 'सन टीव्ही नेटवर्क' हे नाव रूढ झाले.

राजकारणाशी संबंध

वाहिनीचे कार्यालय अनेक वर्षे द्रमुक पक्षाच्या 'अण्णा अरिवालयम' या मुख्यालयाच्या आवारात होते. त्यामुळे तिच्या वृत्तसेवेकडे पक्षाचे मुखपत्र म्हणून पाहिले जाई, आणि विरोधी अण्णाद्रमुकच्या बाजूने 1999 मध्ये 'जया टीव्ही' उभी राहिली. बातमी हवी तर दोन्ही वाहिन्या पाहाव्यात, असा तमिळनाडूतील प्रेक्षकांचा शिरस्ता झाला.

मे 2007 मध्ये समूहाच्या 'दिनकरन' दैनिकाने करुणानिधींच्या राजकीय वारसाविषयीचे जनमत सर्वेक्षण छापले. त्यावरून 9 मे रोजी मदुराई येथील कार्यालयावर हल्ला झाला आणि तीन कर्मचारी मृत्युमुखी पडले. कलानिधी यांचे बंधू दयानिधी मारन यांना केंद्रीय मंत्रिपद सोडावे लागले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 'कलैग्नर टीव्ही' ही पक्षाच्या बाजूची नवी वाहिनी आली आणि राज्य सरकारने 'अरसु केबल' हे सरकारी महामंडळ स्थापन केले. ज्या राजकीय जवळिकीचा कंपनीला लाभ झाल्याचे मानले जाई, तीच तुटताच तिच्या दोन्ही बलस्थानांसमोर, म्हणजे आशय आणि वितरण यांसमोर, एकाच वर्षी प्रतिस्पर्धी उभे राहिले. डिसेंबर 2008 मध्ये दोन्ही कुटुंबांत समेट झाला. एअरसेल-मॅक्सिस प्रकरणात मारन बंधूंवर केंद्रीय अन्वेषण विभागाने आरोपपत्र दाखल केले होते. फेब्रुवारी 2017 मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना दोषारोपमुक्त केले.

इतर व्यवसाय

'सन पिक्चर्स' या विभागाने 'एंदिरन' (2010) हा रजनीकांत यांचा चित्रपट निर्माण केला. 2012 मध्ये कंपनीने हैदराबादचा आयपीएल संघ वार्षिक 85.05 कोटी रुपयांच्या बोलीवर घेतला. 'सनरायझर्स हैदराबाद' या नावाने खेळणाऱ्या या संघाने 2016 चे विजेतेपद मिळवले. 'सन नेक्स्ट' ही आंतरजालावरील सेवा 2017 पासून चालू आहे.

मराठीतील प्रवेश

'सन मराठी' ही वाहिनी 17 ऑक्टोबर 2021 रोजी सुरू झाली. तोवर 1999 मध्ये 'अल्फा मराठी' नावाने आलेली झी मराठी, 2000 मधील ई टीव्ही मराठी (आताची कलर्स मराठी) आणि 2008 मधील स्टार प्रवाह यांनी मराठी प्रेक्षकवर्ग वाटून घेतला होता. दक्षिणेत कंपनीला मिळालेला पहिलेपणाचा लाभ येथे नव्हता. तमिळमध्ये यशस्वी झालेल्या 'सुंदरी' या मालिकेची मराठी आवृत्ती या वाहिनीवर आली. एका भाषेतील कथा दुसऱ्या भाषेत नव्याने चित्रित करण्याची कंपनीची जुनी पद्धत तिने मराठीतही अशी चालू ठेवली.