तांब्याला पेशीत मोकळीक नाही

1999 साली थॉमस ओहॅलोरन आणि व्हॅलेरिया क्युलोटा यांच्या गटांनी यीस्टच्या पेशीत मोकळं तांबं किती असतं, याचा हिशेब मांडला. उत्तर निघालं: पेशीमागे एक आयनही नाही! तांबं पेशीत असतं, पण कुठल्या ना कुठल्या रेणूच्या ताब्यात.

श्वसनसाखळीतल्या शेवटच्या विकराचं तांब्यावाचून चालत नाही. पण तेच तांबं मोकाट सुटलं की हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात आणि मेद, प्रथिनं, डीएनए यांची नासधूस होते. मोठ्या माणसाच्या अंगात सारं मिळून 100 मिलिग्रॅमच्या आसपास तांबं. तेवढ्यासाठी केवढा हा बंदोबस्त!

पेशीच्या आवरणात सीटीआर-1 या प्रथिनाच्या तीन प्रती एकत्र येऊन अरुंद वाट करतात. तिच्यातून आत आलेलं तांबं अ‍ॅटॉक्स-1 या चिमुकल्या प्रथिनाकडे जातं. त्याची पुढची देवघेव बघण्यासारखी आहे. अ‍ॅटॉक्स-1 आयनाला गंधकाच्या दोन अणूंनी धरून ठेवतं. एटीपी-7बी या पंपाला ते भिडलं की पंपाचं एक गंधक पुढे सरसावतं, क्षणभर आयन तीन गंधकांच्या पकडीत राहतो आणि मग जुनी पकड सुटते. मधल्या क्षणीसुद्धा तो मोकळा नसतो.

एटीपी-7बी यकृतातलं जादा तांबं पित्तावाटे बाहेर काढतं. ते बिघडलं की विल्सनचा आजार: तांबं यकृतात आणि मेंदूत साठतं, डोळ्याच्या बुबुळाभोवती तपकिरी कडं उमटतं. त्याचं भावंड एटीपी-7ए आतड्यातून रक्तात तांबं सोडतं. ते बिघडलं तर उलटीच तऱ्हा. आतड्याच्या पेशी तांब्यानं भरलेल्या आणि बाळाचा मेंदू मात्र तांब्याला मोताद. हा मेंकेसचा आजार.

बाळांच्या यकृतात तांबं साठण्याचा एक प्रकार आपल्याकडेही होता. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या शीला भावे आणि आनंद पंडित यांनी ब्रिटिश डॉक्टर स्टुअर्ट टॅनर यांच्यासह 1980च्या दशकात ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस’ झालेल्या मुलांच्या दुधाची चौकशी केली. वरचं दूध लवकर सुरू झालेलं आणि तेही बिनकल्हईच्या पितळी भांड्यात तापवलेलं वा ठेवलेलं, असं पुष्कळ घरांत आढळलं. पितळेतलं तांबं दुधातल्या केसिनला चिकटतं आणि त्याच्याबरोबर बाळाच्या पोटात जातं. पितळेची जागा स्टीलनं घेतली, तसा हा आजारही विरळ होत गेला.