रिमोटच्या खेळण्याला ताकद किती असावी?

जत्रेत पोराने हट्ट धरला म्हणून रिमोटवर चालणारी गाडी किंवा विमान घरी येते. चार दिवसांनी तेच खेळणे बांधापलीकडे गेले की ऐकेनासे होते. मग कोणीतरी जाणता सांगतो, “बूस्टर जोडा, मैलभर चालेल!” वाचकहो, तो जोडण्यापूर्वी जरा थांबावे.

हातातला रिमोट म्हणजे चिमुकले रेडिओ केंद्रच. एके काळी घरच्या रेडिओलाही परवाना लागे आणि पोस्टात पैसे भरावे लागत, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. खेळण्याला सूट आहे, पण ताकदीच्या मर्यादेत. आपल्याकडे २००५ सालच्या नियमांनी २७ मेगाहर्ट्झजवळच्या पट्ट्यात पाच वॅट आणि २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एक वॅट ही हद्द घातली. दुसऱ्या पट्ट्यात अँटेनाचा जोर धरूनही चार वॅटपुढे जायचे नाही. मोटारीचे पाणी तेवढेच असले तरी नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते. अँटेनाही तेच करते, म्हणून कायदा दोन्ही मोजतो.

एक वॅट म्हणजे काही फार नव्हे. नावाने ‘झिरो’ असलेला जुना दिवासुद्धा दहा-पंधरा वॅट खायचा! पण मोकळ्या रानात अंतर दुप्पट करायला ताकद चौपट लागते. म्हणजे बूस्टरने खर्च फार, लाभ थोडा.

आणि धोका निराळाच. हलका बूस्टर मूळ लहरीबरोबर तिच्या पटीतल्या लहरीही फेकतो. खेळण्यांत नेहमी आढळणारी लहर २७.१४५ मेगाहर्ट्झची. तिची चौपट १०८.५८. विमानाला धावपट्टीची दिशा दाखवणारे संकेत १०८ ते ११२ मेगाहर्ट्झमध्येच असतात. हद्द ओलांडली की सूट संपते, आणि वापरणारा विनापरवाना ठरतो.

खेळणे लांब जात नसेल तर आधी सेल बदलून पाहावेत. अँटेनाचे टोक खेळण्याकडे रोखू नये, त्या दिशेला लहर सर्वांत क्षीण असते. अँटेना आडवी पडेल अशी धरावी. उभ्या उसाची ओली पाने २.४ ची लहर पिऊन टाकतात, तेव्हा फडाआड न जाता बांधावर उभे राहावे. एवढ्याने पुष्कळदा काम भागते, आणि पैसाही लागत नाही.