बैलाचा मूत्रावरोध वेळीच ओळखा

सोलापूर जिल्ह्यात उन्हाळ्यात हिरवी वैरण दुर्मिळ होते. जनावर कोरड्या कडब्यावर राहते व पाणीही अपुरे मिळते. अशा वेळी मूत्र दाट होऊन त्यातील क्षारांचे खडे बनण्याचा संभव वाढतो. गाईचा मूत्रमार्ग आखूड व रुंद असल्याने बारीक खडा सहसा बाहेर पडतो. बैलाचा मार्ग लांब, अरुंद व नागमोडी असल्याने तो तेथे अडकतो. बोकडासही हाच धोका असतो.

लक्षणे : जनावर वारंवार कुंथते, शेपटी हलविते, पोटावर लाथा मारते व चारा सोडते. मूत्र थेंबथेंब येते किंवा अजिबात येत नाही.

पुढे जनावर एकाएकी शांत झाले, तर ते बरे झाले असे समजू नये. मूत्राशय फुटल्यानेही वेदना तात्पुरती थांबते. नंतर पोट फुगत जाते व जनावर दगावते.

उपाय : मूत्र अडल्याचे दिसताच, दिवस न दवडता, पशुवैद्यकास बोलवावे. बळेच पाणी किंवा काढा पाजू नये. त्याने तुंबलेल्या मूत्राशयावरील ताण वाढतो. खडा अडकला असल्यास बहुधा शस्त्रक्रियाच करावी लागते.

प्रतिबंध : स्वच्छ पाणी दिवसातून अनेकदा दाखवावे व चाटण्यास मीठ ठेवावे. केवळ कोंडा व धान्य यांवर भर न देता शक्य तेवढी हिरवी वैरण द्यावी. खोंडाचे खच्चीकरण फार लहान वयात करू नये. त्यामुळे मूत्रमार्गाची वाढ खुंटते.

ग्रामसेवकांनी ही माहिती उन्हाळ्यापूर्वीच घरोघरी पोहोचवावी.