मळवलीचा दगड आणि देवघरातली लक्ष्मी

रविवर्मा प्रेसची लक्ष्मी पाहिली नाही असे मराठी घर विरळाच. गुलाबी कमळावर उभी, वरच्या दोन हातांत कमळे, जरीकाठी साडी, आणि एका अंगाला सोंडेत माळ धरून उभा असलेला हत्ती. मूळ तैलचित्र बडोद्याच्या गायकवाडांच्या संग्रहात आहे. आपल्या देवघरात आली ती दगडावरून छापलेली लक्ष्मी. तिच्या गालावर एकदा भिंग धरून पाहा. ब्रशचा फटकारा कुठेच दिसत नाही, दिसतात ते ठिपके. गुलाबी, पिवळसर, फिकट तपकिरी, निळसर करडे. हनुवटीखाली सावली हवी तिथे ते दाट होतात, कपाळावर उजेड हवा तिथे विरळ होत होत कोऱ्या कागदात मिसळून जातात. एखाद्या प्रतीत साडीच्या काठाबाहेर रंगाची दोऱ्याएवढी रेघ सांडलेली असते. छापताना कागद केसभर सरकला होता, त्याची ती खूण.

हे ठिपके यंत्राने दिलेले नाहीत. प्रत्येक ठिपका कोणीतरी दगडावर वाकून हाताने दिला आहे. चित्राखाली मूळ चित्रकार रविवर्मांचे नाव येते, प्रेसचे येते, ठिपके देणाऱ्याचे येत नाही. या प्रिंट्सना ‘राजवाड्यातल्या चित्रांच्या स्वस्त नकला’ म्हणायची पद्धत आहे. मला ती मुळीच मान्य नाही, आणि हा लेख त्यासाठीच आहे.

या कथेची सुरुवात मात्र राजवाड्यातच होते. सर टी. माधवराव हे तंजावरी मराठी घराण्यातले मुत्सद्दी, आधी त्रावणकोरचे आणि मग बडोद्याचे दिवाण. रविवर्मांच्या चित्रांना चहूकडून मागणी आहे आणि एका माणसाचे दोन हात तिला पुरे पडणार नाहीत, हे त्यांनी ओळखले. निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती छापून घ्याव्यात, असे त्यांनी १८८४ च्या सुमारास रविवर्मांना सुचवले. सल्ला अमलात यायला दहा वर्षे गेली. दरम्यान १८८८ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची १४ चित्रे सांगितली, ५० हजार रुपयांना. पात्रांचा पेहराव काय असावा हे ठरवण्यासाठी रविवर्मा आणि त्यांचे धाकटे बंधू सी. राजराजवर्मा उत्तर हिंदुस्थानभर फिरले. चित्रे बडोद्याला मांडली तेव्हा बघ्यांची रीघ लागली. दरबारासाठी काढलेले चित्र रयतेलाही हवे आहे, हे त्या गर्दीने दाखवून दिले.

रंगीत शिळाछापाची चित्रे लोकांना अगदीच नवी नव्हती. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात १८७८ मध्ये चित्रशाळा नावाचा छापखाना काढला होता. तिथून रामपंचायतन निघे, तसे नाना फडणीसही निघत. पेशवाई जाऊन साठ वर्षे झाली होती आणि तिचा मुत्सद्दी बैठकीच्या भिंतीवर येऊन बसला होता. रविवर्मांना मात्र तैलरंगाची झाक, कांतीचा उजाळा, कापडाचा पोत हे सगळे कागदावर हवे होते. १८९४ मध्ये मुंबईत त्यांचा प्रेस सुरू झाला. भागीदार गोवर्धनदास खटाव मखनजी, यंत्रे जर्मन, तंत्रज्ञही जर्मन. शकुंतलेच्या जन्माचे चित्र सर्वांत आधी छापले गेले.

शिळाछापाचे सारे काम तेल आणि पाण्याच्या वैरावर चालते. बव्हेरियातल्या सोल्नहोफेनचा बारीक कणांचा चुनखडीचा दगड घोटून सपाट करायचा. त्यावर तेलकट शाईने किंवा खडूने चित्र काढायचे, तेही उलटे, म्हणजे कागदावर सुलटे उतरते. मग डिंक आणि सौम्य नायट्रिक आम्लाचा हात द्यायचा. दगड ओला करून शाईचा रूळ फिरवला की कोरा भाग पाणी धरून शाईला झिडकारतो आणि तेलकट ठिपका तिला ओढून घेतो. एका रंगाला एक दगड. लक्ष्मीसारख्या चित्राला असे कितीतरी दगड लागत. आधी मूळ चित्राची बाह्यरेषा एका दगडावर घ्यायची, तिचा फिका ठसा बाकीच्या सगळ्या दगडांवर उतरवायचा आणि मग प्रत्येक दगडावर त्या त्या रंगापुरतेच ठिपके द्यायचे. दगडावर दिसते ती फक्त काळी शाई. गालाच्या गुलाबीत निळे किती मिसळले म्हणजे सावली जिवंत वाटेल, हे त्या माणसाला मनात पाहावे लागे. फिके रंग आधी, गडद मागून, आणि दर खेपेला कागद कोपऱ्यातल्या खुणांवर नेमका बसवायचा. काही प्रतींवर शेवटी वॉर्निश चढे आणि कॅनव्हासची वीण दाबून उठवली जाई. नुसत्या नकलेसाठी एवढे डोळे आणि एवढा सराव लागत नाही.

धंदा म्हणून प्रेस तोट्यात गेला. मुंबईत प्लेग ठाण मांडून असताना तो लोणावळ्याजवळ, कार्ल्याच्या लेण्यांखाली मळवलीला हलला. विसाव्या शतकाच्या तोंडावर रविवर्मांनी तो आपले जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांना विकून टाकला. पुढे पोस्टकार्डे आली, लेबले आली, कॅलेंडरे आली. चित्रकार एम. व्ही. धुरंधरांनी प्रेससाठी चित्रे दिली. दादासाहेब फाळक्यांनीही सिनेमाकडे वळण्याआधी लोणावळ्यात या प्रेसचे छपाईचे काम केले. घरोघरच्या बायकांनी याच चित्रांतल्या देवींना जर, टिकल्या आणि खऱ्या कापडाचे तुकडे चिकटवून नेसवले, नटवले.

१९७२ मध्ये प्रेसला आग लागली आणि पुष्कळ काही गेले. पण दगडांचे नुकसान आगीआधीही होतच असे. शिळाछापाच्या धंद्यात छपाई संपली की दगड वाळू-पाण्याने घासून पुन्हा कोरा करायची रीत. एकाच्या ठिपक्यांवर दुसऱ्याचे चित्र चढे आणि पहिल्या हाताची निशाणी पुसली जाई.

आज ही चित्रे लंडनच्या ब्रिटिश म्युझियम आणि वेलकम कलेक्शनमध्ये जपून ठेवलेली आहेत. मूळ तैलचित्रांना आपल्याकडेही मान आहे; बडोद्याच्या महाराजा फत्तेसिंग संग्रहालयात ती नीट पाहता येतात. त्यांच्याशेजारी त्याच चित्राची छापील प्रत, एखादा वाचलेला दगड आणि रंग एकेक करून चढत जातानाचे ठसे मांडले, तर राजवाडा आणि देवघर यांच्यामधली मेहनत लोकांना डोळ्यांनी दिसेल. महाराष्ट्रातल्या एखाद्या संग्रहालयाने तरी हे मनावर घ्यावे.

वाचकांनाही एक विनंती आहे. घरातल्या जुन्या तसबिरीखाली ‘रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा’ असा ठसा दिसला तर ती रद्दीत घालू नका आणि लॅमिनेटही करू नका. उन्हापासून आणि ओलीपासून दूर ठेवा. ती कोणी आणि केव्हा आणली, ते वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवा. आणि आपले कोणी मळवलीच्या प्रेसमध्ये दगडावर काम करत होते असे घरच्या वडीलधाऱ्यांनी सांगितले असेल, तर ते नाव तेवढे जवळच्या संग्रहालयाला जरूर कळवा.