शोधा आणि बदला (९) : कृतिदेवातला ढोल

टेबलात टेबल असेल तर रेगेक्स का गडबडतं, हे या आठवड्यात सांगायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतोय. नागपुरात डीटीपीचं काम करणाऱ्या एका वाचकांनी असा प्रश्न पाठवला आहे, की त्याला रांगेत उभं करणं जमणार नाही.

त्यांच्याकडे मारबतीच्या मिरवणुकीवरचा एक जुना लेख होता. एचटीएमएल फाइल, मजकूर कृतिदेव फॉन्टमधला. तो युनिकोडमध्ये आणायचा होता. आधी टॅग काढून टाकावेत म्हणून त्यांनी आपला नेहमीचा पॅटर्न लावला:

<[^>]+>

बदली जागेत काहीच नाही. टॅग गेले, मग मजकूर कन्व्हर्टरमधून काढला. मूळ वाक्यात ‘ढोल आणि झांज’ होतं. नव्या वाक्यात त्या जागी ‘ांज’ एवढंच उरलं! ढोल गेला, ‘आणि’ गेलं, झांजेतला झसुद्धा गेला. टिपक्यांच्या वर्तुळाला चिकटलेला काना तेवढा मागे राहिला.

पॅटर्न बरोबर होता. मग घोळ कुठे झाला?

कृतिदेव युनिकोडच्या आधीच्या पिढीतला. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१पासून आहे, पण विंडोजमध्ये ती नीट चालायला विंडोज २०००ची वाट पाहावी लागली. तोवर असे बहुतेक फॉन्ट एकच युक्ती करत: फाइलमध्ये इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं साठवायची, पडद्यावर त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवायचे. कृतिदेवाने यासाठी रेमिंग्टन टाइपरायटरचा कळफलक घेतला. टायपिंग इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्यांची बोटं त्यावर आधीच बसलेली होती. हिंदी-मराठी कामं शेजारीशेजारी चालणाऱ्या नागपुरात हा फॉन्ट काही नवलाचा नाही.

त्या कळफलकावर ‘नागपूर’ टाइप केलं की फाइलमध्ये यू-के-एक्स-आय-डब्ल्यू-जे जातं. ते ठीक. पण ‘ढ’ कुठे आहे? < या कळीवर. आणि ‘झ’? > या कळीवर. म्हणजे एचटीएमएलचा टॅग ज्या दोन कंसांवर उभा आहे, तेच कृतिदेवात ढ आणि झ आहेत. ‘ढोल’मधल्या ढपासून ‘झांज’मधल्या झपर्यंतचा मजकूर रेगेक्सच्या लेखी एक टॅगच होता. त्याने तो इमानदारीत उडवला.

झ दूर असता तर नुकसान आणखी वाढलं असतं. [^>] मध्ये नवी ओळही बसते, हे पाचव्या भागात पाहिलंच. त्यामुळे ‘ढग’ शब्दापासून सुरू झालेला फडशा थेट पुढच्या खऱ्या टॅगच्या बंद कंसापर्यंत जातो. अख्खा परिच्छेद गडप होतो आणि मागे कानाही उरत नाही.

यावर चाणाक्ष वाचक म्हणतील, मजकुरातला उघडा कंस एचटीएमएलमध्ये तसाच लिहीत नाहीत, &‌एलटी; असा लिहितात. (खऱ्या फाइलमध्ये ती दोन अक्षरं अर्थातच रोमन असतात.) बरोबर, आणि या फाइलमध्येही तसंच होतं. वाचकांनी आधी हे सगळे संकेत परत कंसांत बदलले आणि टॅग नंतर काढले. क्रम उलटा झाला. आधी टॅग काढायचे, मग संकेत उलगडायचे, आणि कन्व्हर्टर शेवटी.

संकेत उलगडायचेच राहिले तर त्याहून गंमत. कृतिदेवात & म्हणजे डॅश, एल म्हणजे स, टी म्हणजे ज आणि अर्धविराम म्हणजे य. त्यामुळे ढच्या जागी ‘-सजय’ उमटतं आणि ढोलाचा ‘-सजयोल’ होतो. रूपांतर केलेल्या मजकुरात असा ‘सजय’ भलत्याच शब्दात घुसलेला दिसला, तर तिथे कधीकाळी ढ होता हे ओळखावं.

कंसांवरच हे संपत नाही. कृतिदेवातला मजकूर युनिकोडमध्ये न आणता तसाच शोधायचा म्हटलं, तर रेगेक्सची बरीच खास चिन्हं मराठी अक्षरं होऊन बसलेली दिसतात. टिंब म्हणजे ण्, प्रश्नचिन्ह म्हणजे घ्, उघडा चौकटी कंस म्हणजे ख्, उघडा महिरपी कंस म्हणजे क्ष्, उभी रेघ म्हणजे द्य. ‘घर’ शोधायला गेलात तर पॅटर्नची सुरुवातच प्रश्नचिन्हाने होते आणि बहुतेक साधनं तिथेच चूक दाखवून थांबतात. ‘खण’ लिहिलात तर चौकट उघडते आणि बंदच होत नाही. ‘ण’ मात्र चूक दाखवत नाही, म्हणून तो जास्त घातक: टिंबाला कुठलंही अक्षर चालतं, त्यामुळे काना लागलेली सगळीच अक्षरं ‘ण’ म्हणून हाती येतात. उपाय जुनाच, प्रत्येक चिन्हाआधी बॅकस्लॅश.

आता वेलांटीकडे. टाइपरायटरवर पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी मारतात, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठते. कन्व्हर्टर घरी बनवणारे सहसा असं लिहितात:

शोधा: ि([क-ह])
बदला: $1ि

‘आणि’ला हे पुरतं. ‘स्थिती’ला नाही, तिथे वेलांटी स आणि हलन्ताच्या मधे अडकते आणि ‘सि्थती’ तयार होतं. जोडाक्षर एकसंध उचलायचं तर:

शोधा: ि((?:[क-ह]्)*[क-ह])
बदला: $1ि

हलन्त व्यंजनं कितीही असोत, त्यांच्यामागचं शेवटचं पूर्ण व्यंजन येईपर्यंत सगळं एका गटात येतं आणि वेलांटी त्या गटानंतर जाते.

सगळं झाल्यावर तपासणीसाठी एक छोटा पॅटर्न:

(^| )[ा-ौ]

ओळीच्या किंवा शब्दाच्या सुरुवातीलाच काना-मात्रा आली, तर तिचं व्यंजन कुठेतरी गळालंय. नागपूरच्या फाइलमधला ‘ांज’ यात लगेच सापडतो.

रफाराचं काम वाचकांवर सोपवतो. टाइपरायटरवर ‘वर्धा’ लिहिताना रफार सगळ्यांत शेवटी, धाच्या कान्याही नंतर येतो. युनिकोडमध्ये तो धच्या आधी हवा. कन्व्हर्टरमधून बाहेर पडताना रफाराच्या जागी # हे चिन्ह येतं असं समजा, म्हणजे ‘वधा#’, आणि त्याचं ‘वर्धा’ करून दाखवा. ‘वर्ध्या’लाही तोच पॅटर्न चालायला हवा. उत्तरं टेबलांच्या भागासोबत.